मृगया आणि मटण

आमच्या घराण्यात शिकार अशी कुणी केलेली नाही. थोरल्या आजोबांनी कोठीच्या खोलीत एक उंदीर मारला होता अशी आख्यायिका आहे. पण तो उंदीर आधीच पिंजऱ्यात होता आणि मारण्याचं प्रत्यक्ष काम गड्याने केलं होतं, अशी दुरुस्ती आजी शेवटपर्यंत करत असे. मटण मात्र घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. म्हणजे बघा, खाण्याची परंपरा अखंड आणि मारण्याची मुळीच नाही. यात काही विचार करण्यासारखं आहे हे मला एवढ्या वर्षांत कधी सुचलं नाही, आणि ॲरिझोनातल्या एका निवृत्त वायरमनने दोन-चार साधे प्रश्न विचारले नसते तर सुचलंही नसतं.

हे वायरमन आमच्या मुलाचे शेजारी. मुलगा फ्लॅगस्टाफ नावाच्या गावी असतो. ॲरिझोना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट, निवडुंग आणि घोड्यावरचा डाकू येतो. पण फ्लॅगस्टाफ आहे २,१०० मीटर उंचीवर, म्हणजे हिशेबाने दीड महाबळेश्वर. भोवती पाँडेरोसा पाइनचं मैलोन्‌मैल जंगल. त्या झाडाच्या खोडाला नाक लावलं की व्हॅनिला आइस्क्रीमचा वास येतो; मी लावून पाहिलं आहे. आम्ही उभयता जूनमध्ये तिथे सहा महिन्यांसाठी गेलो. पहिल्या आठवड्यात घरातली यंत्रं पाहून झाली, दुसऱ्या आठवड्यात गावातली दुकानं पाहून झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात निवृत्त माणसाने जे करायचं ते मी करू लागलो. कुंपणावरून शेजारी डोकावू लागलो.

पलीकडे एक साठीचे गृहस्थ गॅरेजच्या दारात उभे राहून आतल्या भिंतीशी ठेवलेल्या फोमच्या ठोकळ्यावर बाण मारत होते. एकच बाण. तो रुतला, गृहस्थ गेले, बाण उपटून आणला, पुसला, डब्यात ठेवला आणि गॅरेजचं दार बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकच बाण. आमची ही म्हणाली, "अहो, देवाला एक फूल वाहावं तसं काय हे?" आणि धनुष्यबाणवाले म्हणून तिने त्यांचं नाव रामभाऊ ठेवून टाकलं. खरं नाव मला पुढे कळलं, पण जिभेला रामभाऊच सोपं. त्यांनाही ते आवडलं. रामाची गोष्ट थोडक्यात सांगायला घेतली तेव्हा सुवर्णमृगापाशी त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, "कुठल्या सीझनमध्ये?"

रामभाऊंची तयारी चालली होती नोव्हेंबरातल्या एल्कसाठी. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा परदेशी जाऊन अंगाने भरलेला चुलतभाऊ. नर ३०० किलोच्या पुढे सहज जातो, आणि डोक्यावर शिंगांचं झुंबर. ते दर वसंतात गळतं आणि पुन्हा नवं येतं. ॲरिझोनातला मूळचा एल्क माणसांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच मारून संपवला. आता जे आहेत ते १९१३ साली यलोस्टोनहून आगगाडीने आणून सोडलेल्या ८३ जनावरांपासून वाढलेले. म्हणजे तेही आमच्या मुलासारखेच, बाहेरून येऊन तिथले झालेले.

बरं, एल्क आहे म्हणून कुणीही उठावं आणि मारावा असं नाही. फेब्रुवारीत सरकारी खात्याकडे अर्ज करायचा, मग सोडत निघते, थेट आपल्या म्हाडासारखी. नंबर लागला नाही तर नावावर एक गुण जमा होतो आणि पुढच्या वर्षी आशा तेवढी वाढते. (ही युक्ती म्हाडाला कुणीतरी सांगायला हवी.) रामभाऊंचा नंबर कैक वर्षांनी लागला होता आणि तोही उशिराच्या हंगामात, धनुष्यवाल्यांसाठी राखून ठेवलेल्या दिवसांत. उशिराचा हंगाम म्हणजे काय, तर सप्टेंबरात एल्कची लग्नसराई असते. नर रानभर शीळ घालत हिंडतो. कुणी खोटी हाक दिली तरी भांडायला धावून येतो. अशा नवरदेवाला गाठणं त्यातल्या त्यात सोपं. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मांडव उठलेला असतो. नवरदेव म्हणून गेलेला वधूपित्याच्या चेहऱ्याने परत आलेला असतो: खंगलेला, गप्प, एकटा, नाहीतर आपल्यासारख्या दोघा-तिघांना धरून एखाद्या अडचणीच्या घळीत खात-झोपत पडलेला. हाकेला ओ देत नाही. त्याला डोळ्यांनीच शोधायचं, आणि शोधून त्याच्याजवळ चाळीस पावलांवर जायचं. त्याला न कळता.

आता बाण. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण लागायचं तेव्हा बाण आकाशात एकमेकांना गाठत, ठिणग्या उडत, आणि धनुर्धर डोळे मिटून पुटपुटला की काम भागे. माझं धनुर्विद्येचं शिक्षण तेवढंच. रामभाऊंच्या गॅरेजमध्ये मात्र एक छोटा काटा होता आणि त्यावर ते प्रत्येक बाण ग्रेनमध्ये तोलत. ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या जवळजवळ निम्मा. साडेचारशे ग्रेनच्या बाणात दोन ग्रेनचा फरक निघाला की तो बाण सरावाच्या डब्यात. सराफाने लाजावं असा प्रकार. धनुष्य लावणं तर तंबोरा लावण्यासारखंच. लाकडी चौकटीत कोरा कागद ताणून बसवायचा आणि दोन-तीन पावलांवरून त्यातून बाण सोडायचा. बाण सरळ गेला तर कागदाला मध्ये गोल भोक आणि पिसांच्या तीन रेघा; वाकडा गेला तर कागद एका अंगाला टरकतो. टरकला की कुठलासा स्क्रू केसभर फिरवायचा, नवा कागद, पुन्हा बाण. गवयाने मैफलीआधी तासभर तंबोरे लावावेत आणि श्रोत्यांनी घड्याळं बघावीत तशी माझी गत झाली. पण शेवटचा कागद उजेडात धरून रामभाऊंनी जो सुस्कारा सोडला तो षड्ज लागल्याचाच होता.

कपड्यांची तर आणखी मजा. आमची ही साडी बोटांनी पारखते, रामभाऊ कापड कानाने पारखतात. दुकानात बाही कानाशी धरून चोळायची. सुळ्‌सुळ्‌ ऐकू आलं तर परत ठेवायची. वेल्क्रोच्या पट्ट्या त्यांनी उसवून टाकल्या आणि स्वतः बटणं शिवली, कारण थंडीतल्या शांततेत वेल्क्रोचा आवाज म्हणजे एल्कला घातलेलं निमंत्रणच, पण उलट्या दिशेचं. ऑगस्टच्या उन्हात हे गृहस्थ लोकरी टोपी, हातमोजे आणि जाडजूड कोट घालून गावाबाहेरच्या मैदानावर बाण मारत. का, तर नोव्हेंबरात कोट असणार, कोटाच्या बाहीला दोरी घासू शकते, आणि ती घासते का हे ऑगस्टातच कळलेलं बरं. रोजचा तो एक बाणही त्यातलाच. "तिसऱ्या-चौथ्या बाणापर्यंत हात गरम होतो, नेम बसतो," ते म्हणाले, "पण जनावर उभं असतं पहिल्याच बाणाला. म्हणून मी रोज पहिलाच बाण मारतो."

मैदानावर त्यांचा बाण सत्तर यार्डांवरूनही ताटलीत बसे. पण एल्कवर ते चाळीस यार्डांपलीकडे बाण सोडणार नव्हते. चाळीस यार्ड म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्यांनाही चार यार्ड कमी. मी म्हटलं, सत्तर जमतात तर चाळीसच का? ते म्हणाले, "फोमचा ठोकळा पाऊल उचलत नाही." दोरीचा आवाज बाणाच्या जवळजवळ चौपट वेगाने जातो, म्हणजे बाण पोचण्याआधी खबर पोचते. तेवढ्यात एल्क अर्धं पाऊल हलला की फुप्फुसावरचा नेम पोटावर. बंदुकीच्या गोळीचा जोरच जनावराला लोळवतो. बाणाचं काम फक्त कापण्याचं. तो पुढच्या पायामागच्या ताटाएवढ्या जागेतून दोन्ही फुप्फुसांत गेला तर एल्क मिनिटभरात आडवा होतो. वीतभर मागे लागला तर तासन्‌तास मरत राहतो. सगळा मामला त्या वीतभराचा.

हे ऐकल्यावर एवढ्या तयारीचा अर्थ मला निराळाच लागायला लागला. मी समजत होतो की माणूस बाण मारायला शिकतो आहे. पण ती विद्या त्यांना कधीच आलेली होती. गॅरेजमधले ते तराजू, ते कागद, ते उन्हातले कोट, हे सगळं कुठला बाण मारायचा नाही हे ओळखण्यासाठी होतं. पन्नास यार्डांवर नाही, वारा पडला नसेल तर नाही, अंधारून आलं तर नाही, तोंड इकडे असेल तर नाही. 'हो' म्हणायला एक सेकंद लागतो आणि 'नाही' म्हणायला सहा महिने. आपल्याकडे परीक्षेच्या तयारीत सोडून द्यायचे प्रश्न आधी ठरवतात, त्यातला हा प्रकार नव्हे; इथे पेपर दुसऱ्याच्या जिवावर लिहायचा होता.

ऑक्टोबरात टेहळणीला ते मला बरोबर घेऊन गेले. पहाटे साडेतीनला निघायचं होतं. आमच्या हिने काळजीने माझ्या गुडघ्यांना बाम चोळून दिला. गाडीत बसल्या बसल्या रामभाऊंनी हुंगलं आणि म्हणाले, "हा वास आपल्या आधी पोचेल." मग अर्धा रस्ता त्यांनी मला वारा समजावून दिला. पहाटे थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते. ऊन चढलं की तीच हवा उलटी वर चढते. म्हणून सकाळी कुठे बसायचं आणि दुपारी कुठे हे डोंगर ठरवतो. खिशात एक छोटी बाटली, तीत कॅरमच्या पावडरीसारखी बारीक भुकटी. जरा दाबली की ढगुला निघतो आणि कुठल्या दिशेला जातो ते पाहायचं. माझा ढगुला प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांत आला.

मोगोलॉन रिमचा कडा उजाडताना बघणं हा एक वेगळा लेख होईल. तो कुणीतरी तरुणाने लिहावा. माझ्या लक्षात राहिलं ते बसणं. तिपाईवर दुर्बीण लावायची आणि समोरचा डोंगर रांगोळीच्या ठिपक्यांसारखा ओळीओळीने वाचत जायचा. अशी एक ओळ, मग तिच्या खालची. दोन तास झाले, माझ्या हातातला चहा दोनदा गार झाला, आणि रामभाऊ हळूच म्हणाले, "तो बघा." मला दिसेना. ते सांगत होते: वठलेलं झाड, त्याच्या डावीकडे दगड, दगडाच्या खाली. मी वठलेलं झाडच बघत बसलो, आणि थोड्या वेळाने त्या झाडाने मान वळवली.

मी आजवर एवढं मोठं जनावर मोकळं पाहिलेलं नव्हतं. ते पाला ओरबाडत होतं आणि त्याच्या नाकातून वाफ निघत होती. रामभाऊंनी त्याला तासभर पाहिलं. केव्हा उठला, काय खाल्लं, कुठल्या वाटेने सावलीत गेला, सगळं वहीत टिपलं. तो लंगडतो आहे का याची त्यांना काळजी वाटत होती. मुलीसाठी सांगून आलेल्या मुलाची चौकशी आमच्या काकांनी इतक्या आस्थेने केली नव्हती. मला राहवेना. मी विचारलं, "तुम्हाला तो आवडतो?" ते म्हणाले, "फार." मग मारायचा कशाला, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण चेहऱ्यावरून त्यांना तो ऐकू आला असावा. त्यांनी खांदे उडवले आणि थर्मास पुढे केला.

पूर्वी ही टेहळणी सोपी होती. झाडाला कॅमेरा बांधायचा, तो आपोआप फोटो काढणार, आपण घरी बसून बघायचे. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२पासून शिकारीसाठी असे कॅमेरे लावायला बंदी घातली. रामभाऊ बंदीच्या बाजूचे. "पाणवठ्यावर कॅमेरा बसवल्यावर एल्कने पाणी प्यायचं तरी कुठे?" असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं, पण वादाची खोड कुठे जाते? मी म्हटलं, "तुमच्या धनुष्याला दोन चाकं आहेत. दोरी पूर्ण ओढली की ओझं चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं. अंतर मोजायला लेझर आहे. ते कसं चालतं?" हे चाकांचं धनुष्य मिसूरीतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांचं, पेटंट १९६९ सालचं. त्याआधीचे शिकारी साध्या धनुष्यावर भागवत. अमेरिकेतल्या हौशी धनुर्धरांचा हा सगळा पंथ ज्याच्यापासून सुरू झाला तो इशी तर कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा, जमातीची कत्तल होऊन उरलेला शेवटचा माणूस. १९११ साली तो रानातून बाहेर आला, विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला, आणि १९१६ साली मरण्यापूर्वी त्याने सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरला धनुष्य करायला आणि चालवायला शिकवलं. इशीने रामभाऊंचं धनुष्य पाहिलं असतं तर त्याला ती सायकल वाटली असती.

रामभाऊ हसले. म्हणाले, "रेघ कुठेतरी ओढावीच लागते." आणि प्रत्येक जण ती स्वतःच्या अंगणाच्या जरा पलीकडे ओढतो, असं मी मनात म्हटलं. बोललो नाही, कारण आमचं तरी काय? केकमधलं अंडं चालणारे शाकाहारी माझ्या पाहण्यात आहेत, रस्सा वाढून घेऊन फोडी बाजूला ठेवणारेही आहेत. आमची सूनबाई पक्की शाकाहारी. तिने या प्रकरणात कुंपणाच्या दोन्ही बाजूंना सारखंच दोषी धरलं आणि फ्रीझरमध्ये आम्हाला एक वेगळा कप्पा तोडून दिला.

त्या कप्प्यात रामभाऊंनी दिलेलं एल्कचं पाकीट होतं, त्यांच्या भावाने बंदुकीने मारलेल्या. तिथे शिकारीचं मांस विकता येत नाही, वाटता येतं. पाकिटावर खडूच्या पेन्सिलीने लिहिलेलं: तारीख, घळीचं नाव, मांडी. एवढी तपशीलवार कुंडली असलेलं मांस मी प्रथमच पाहत होतो. आमच्या हिने नेहमीचा रस्सा केला. चरबी मुळीच नाही, त्यामुळे तेल जरा सढळ लागलं, बाकी उत्तम.

तो रस्सा खाताना मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला. "एल्कच्या बाजूने विचार केला तर तुमच्या भावाची बंदूक बरी नाही का? एक आवाज आणि सगळं संपलं. तुम्ही धनुष्य घेता तो खेळ बरोबरीचा व्हावा म्हणून. पण दुसऱ्या पक्षाला आपण खेळात आहोत हेच माहीत नाही. अवघड वाटेचं श्रेय तुम्हाला, आणि चुकलं तर वेदना त्याला."

रामभाऊंनी चमचा खाली ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी, असाच उशिराचा हंगाम, बाण तीस यार्डांवरून, आणि त्याच क्षणी एल्कने पाऊल टाकलं. बाणावर रक्ताऐवजी हिरवट काही होतं. म्हणजे पोटात लागलेला. अशा वेळी मागे धावायचं नसतं. धावलं तर जखमी जनावर मैलोगणती पळतं. म्हणून रात्रभर थांबायचं. ते थांबले. पहाटे बर्फ पडलं आणि माग पुसला गेला. चार दिवस शोधलं, सापडला नाही. कायद्याने त्यांना आणखी शिकार करता आली असती, कारण मिळालेला टॅग मारलेल्या जनावराला बांधायचा असतो आणि बांधायला जनावरच नव्हतं. त्यांनी तो टॅग फाडला आणि घरी आले. पुढली दोन वर्षं अर्ज केला नाही. बाण मात्र रोज मारत होते. "तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही," ते म्हणाले. "मी फक्त मोजत असतो."

टेबलावर शांतता पसरली. आमच्या हिने त्यांना आणखी भात वाढला. मला काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी दशरथाची गोष्ट सांगितली: रात्र, शरयूचा काठ, घडा बुडण्याचा आवाज, तो हत्तीचा समजून सोडलेला शब्दवेधी बाण, आणि श्रावणबाळ. शाप, पुत्रवियोग, सगळं रामायण त्या एका बाणातून निघालं असं मी जरा रंगवून सांगितलं. रामभाऊ शापाने मुळीच हलले नाहीत. "न पाहता बाण सोडला?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. "अंधारात? नुसत्या आवाजावर? आमच्याकडे बारा वर्षांच्या पोरालाही पहिल्या धड्यात हे शिकवतात." त्यांच्या दृष्टीने ती नियतीची शोकांतिका नव्हती, परवाना रद्द करण्याचं प्रकरण होतं. शब्दवेधी ही विद्या म्हणून आपण हजारो वर्षं वाखाणत आलो. ती मुळात शिकवायलाच नको होती, हा विचार निदान मला तरी सुचलेला नव्हता.

मग त्यांनी आमच्याकडच्या शिकारीची चौकशी केली. मी सांगितलं की १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचं दार लोटत लोटत १९९१च्या दुरुस्तीने पुरतं बंद झालं. गंमत अशी की त्याच १९७२ साली अमेरिकेने धनुष्यबाणांवर कर बसवला, आणि बंदुकांवरच्या १९३७पासूनच्या करासारखा तोही वन्यप्राण्यांच्या जोपासनेसाठी राखून ठेवला. एकाच वर्षी आम्ही धनुष्य काढून घेतलं आणि त्यांनी त्याची पावती फाडली. दोन्हीकडे जनावरं वाचली असं म्हणतात.

"म्हणजे तुम्ही मांस खात नाही?" रामभाऊंनी विचारलं.

"खातो की. रविवारी."

"फक्त रविवारी?"

मी समजावून सांगितलं. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. शिवाय चतुर्थी, एकादशी. श्रावण पूर्ण बंद; त्याच्या आदल्या दिवशी मात्र जोरात. पावसाळ्यात समुद्रावर मासेमारी बंद असते ती वेगळी. रामभाऊंनी आदराने मान डोलावली. "म्हणजे तुमच्याकडेही सीझन असतात," ते म्हणाले. मग म्हणाले, "मारतं कोण?"

"खाटीक."

"त्याचं नाव?"

मी दुकानाचं नाव सांगितलं. माणसाचं नाव मला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या अख्ख्या सोसायटीत कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. ते पुढे काही म्हणाले नाहीत. त्यांना टोमणा मारायचाच नव्हता. गावातला वायरमन कोण, तसं त्यांनी विचारलं होतं. पण मला आमची रविवारची रांग दिसायला लागली. पिशवीत स्टीलचा डबा. काय काय बारकाईने पाहतो आपण! बोकड आहे ना, कोवळं आहे ना, सीना थोडा घाला, चाप द्या, नळी विसरू नका, आणि एक कलेजीचा तुकडा वर. आणि आत, पडद्यामागे काही आवाज झाला की रांगेतला प्रत्येक सभ्य माणूस पेपरातलं क्रिकेटचं पान उघडतो. मारणाऱ्याला आपण पैसे देतो, पाप देतो, आणि वर शिवी म्हणून त्याच्या धंद्याचं नाव वापरतो. रामभाऊंच्या दिवाणखान्यात भिंतीवर शिंगं आहेत, त्यांचा त्यांना अभिमान आहे, आणि तो मला आजही आवडत नाही. धनुष्य, दुर्बीण, तंबू यांचा खर्च मांडला तर त्या मांसाचा भाव केशराच्या पंगतीला बसेल, तेव्हा पोटासाठी मारतो असंही ते म्हणू शकत नाहीत, आणि म्हणतही नाहीत. पण पाकिटावर घळीचं नाव त्यांच्या हातचं असतं.

रात्री मला धर्मव्याध आठवला. महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण मिथिलेच्या बाजारात जातो आणि मांस विकणाऱ्या व्याधाकडून धर्म शिकतो. व्याध त्याला सांगतो की नांगर चालला तरी जमिनीतले असंख्य जीव मरतात, हिंसेवाचून कुणाचंच चालत नाही. शाकाहाऱ्यांनाही तिथे सुटका नाही, हे मी सूनबाईला सांगणार होतो, पण फ्रीझरमधला कप्पा आठवून गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट रामभाऊंना सांगितली. त्यांना ती फार आवडली. व्याध स्वतः मारत नाही, दुसऱ्याने मारलेलं विकतो, हेही मी सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या दुसऱ्याला कुणी काही विचारलं नाही?" मी आठवून आठवून पाहिलं. तो दुसरा कोण, हे गोष्टीत येत नाही.

नोव्हेंबर उजाडला, पारा शून्याखाली गेला, आणि एका पहाटे रामभाऊंची गाडी निघून गेली. जाताना मांस आणायच्या धुतलेल्या पांढऱ्या कापडी पिशव्या त्यांनी मोजून घेतल्या. पडलेलं मांस रानात वाया घालवणं तिथे गुन्हा आहे. आमच्या हिचा त्यांच्यावर गाढ विश्वास. रामभाऊंचा बाण म्हणजे रामबाण, असं म्हणून तिने आठव्या दिवशी कांदा-खोबरं भाजून वाटण करून ठेवलं. नवव्या दिवशी संध्याकाळी गाडी आली. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, पिशव्या तशाच पांढऱ्या.

सहाव्या दिवशी तो दिसला होता. बहुतेक तोच, आम्ही पाहिलेला. रामभाऊ तीन तास बर्फातून गुडघ्यांवर सरकत एकतीस यार्डांवर गेले. वारा बरोबर होता. दोरी ओढली. एल्क तोंड करून समोर उभा. तसा बाण मारायचा नाही हे ठरलेलं. दोरी ओढलेलीच ठेवून ते थांबले. मिनिटभराने तो वळला, पूर्ण कूस दिली, आणि नेमक्या त्या ताटाएवढ्या जागेवर जुनिपरची एक फांदी आली.

"किती जाड?" मी विचारलं.

त्यांनी करंगळी दाखवली. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दोरी हळूहळू सोडली. ती हालचाल एल्कने पाहिली. पळाला नाही, चालत गेला.

"मग?"

"मग उरलेले दिवस बसलो. आलो."

मी हे सगळं आमच्या हिला मराठीत सांगितलं. तिने एकदा त्यांच्या करंगळीकडे पाहिलं आणि आत गेली. वाटण वाया जाऊ नये म्हणून तिने त्यात बटाटे केले. रामभाऊंनी दोनदा मागून घेतले, आणि आमच्याकडे बटाट्याचा सीझन कुठला असतो ते विचारलं. बटाट्याला बाराही महिने, चतुर्थीलासुद्धा, परवानगी आहे असं मी सांगितलं.